दहा वर्षं पाण्यात

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. ते बरंच मोठं आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांत, पण काटछाट करून देते.

"ताई, माझी मुलगी मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे खेळांत सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजात बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या टीमकडून पोहते, २०० यार्ड बटरफ्लाय. फीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी ॲथलेटिक स्कॉलरशिप मिळते. फेब्रुवारीत कॉन्फरन्सच्या, म्हणजे त्यांच्या कॉलेजांच्या गटाच्या, मीटमध्ये तिनं आजवरचा सगळ्यात चांगला टाइम काढला. एप्रिलमध्ये एका दुपारी सगळ्या टीमला मेल आला, अर्ध्या तासात झूमवर या. ॲथलेटिक डायरेक्टरनी नऊ मिनिटांत सांगून टाकलं, की आर्थिक कारणांमुळे मुलांची आणि मुलींची, दोन्ही स्विमिंग टीम बंद होत आहेत. सगळ्या टीमचे माइक बंद ठेवले होते. आता ती सुट्टीला घरी आली आहे. प्रॅक्टिस नाही, तरी पहाटे पावणेपाचला तिला जाग येते आणि ती अंधारात डायनिंग टेबलाशी बसून राहते. तिचे बाबा म्हणतात, झालं ते बरंच झालं, आता अभ्यासाकडे लक्ष दे, नाहीतर इथे घराजवळच्या कॉलेजात ये. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या, 'म्हणजे पोरीची दहा वर्षं पाण्यात गेली म्हणायची.' फोन स्पीकरवर होता, तिनं ऐकलं आणि उठून वर गेली. टीममधल्या काही पालकांनी वकील गाठलाय. हे म्हणतात, आपण त्या भानगडीत पडायचं नाही, तिचं नाव खराब होईल. तिनं ट्रान्सफर घ्यावी, की तिथेच राहावं, की लढावं? आणि मी तिच्याशी बोलू तरी काय?"

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीचे प्रश्न कागदपत्रांनी सुटण्यासारखे आहेत, हा तसा नाही.

आमच्या घरात हे होऊन गेलंय. माझा मुलगा कॉलेजच्या टेनिस टीममध्ये होता. तिसऱ्या वर्षाला असताना त्याची टीम बंद केली. त्यानं फोन करून सांगितलं, तेव्हा त्याचे बाबा म्हणाले, "चला, आता अभ्यासाला वेळ मिळेल." मीही हो ला हो केलं. तो म्हणाला, "हो, बरोबर आहे." आम्हाला वाटलं, पोरगं समजूतदार आहे. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला तो घरी आला. रात्री अकराच्या सुमाराला गॅरेजच्या दारावर बॉल आपटल्याचा आवाज यायला लागला. एकाच लयीत, अर्धा-पाऊण तास. मी स्वेटर चढवून बाहेर गेले. थंडीत तो नुसत्या टी-शर्टवर होता आणि दारावर एकाच जागी बॉलचे ठसे उमटले होते. मी त्याला म्हणाले, "अरे, शेजारी झोपलेत." एवढंच म्हणाले. त्यानं रॅकेट आत ठेवली आणि तो झोपायला गेला. पुढे कितीतरी वर्षांनी बोलता बोलता म्हणाला, "आई, त्या रात्री तू नुसतं विचारलं असतंस ना, की किती वाईट वाटतंय, तरी पुरलं असतं."

तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगते, विचारा. "काय करायचं ठरवलंयस?" हे आत्ता नको. "किती वाईट वाटतंय?" हे विचारा. आणि तिनं उत्तर दिलं नाही तरी तिथेच बसून राहा.

आपल्याकडे खेळ म्हणजे अभ्यास सांभाळून करायची गोष्ट. त्यामुळे इथल्या कॉलेजातली टीम बंद होते म्हणजे नेमकं काय जातं, हे आपल्या घरांत चटकन लक्षात येत नाही. नियमानं आठवड्याला वीस तासांपर्यंत सराव असतो. प्रवास, मीट, फिजिओ हे धरलं तर त्याहून जास्त. तिची रूममेट टीममधली, जेवायची वेळ टीमबरोबरची, लायब्ररीतली टेबलं टीमची, लॅब कुठल्या दिवशी घ्यायची हेसुद्धा प्रॅक्टिस बघून ठरलेलं. हे सगळं एका झूम कॉलमध्ये गेलं. तिच्या कोचची नोकरीही त्याच दिवशी गेली असणार. ज्या माणसानं रोज तिचे स्ट्रोक मोजले, तो आता स्वतःच काम शोधतोय. घरात कुणी गेलं की आपण दहा दिवस माणसाला काही ठरवायला लावत नाही. तिला तेवढी तरी सवड द्या.

तिच्या बाबांना मी कठोर म्हणणार नाही. त्यांना फी दिसते आहे, डिग्री दिसते आहे आणि दुःखी मुलगी बघवत नाही म्हणून ते "बरं झालं" म्हणताहेत. पण त्यांना माझा निरोप द्या. त्या फेब्रुवारीच्या रेसबद्दल तिला विचारा म्हणावं. २०० बटरफ्लायमध्ये दीडशेच्या भिंतीला हात लागल्यावर पुढच्या दोन फेऱ्यांत काय होतं, हात पाण्याबाहेर यायला नकार देतात तेव्हा ती डोक्यात काय म्हणते, हे तिनं त्यांना कधी सांगितलं नसेल, कारण कुणी विचारलं नसेल. आणि सासूबाईंना तुम्ही स्वतः फोन करा. त्यांच्या तोंडून वाक्प्रचार निघाला, मनात वाईट नव्हतं. त्यांना त्या रेसचा व्हिडिओ पाठवा आणि नातीला फोन करून "बघितला गं तुझा व्हिडिओ" एवढं म्हणायला सांगा. दहा वर्षं पाण्यातच गेली तिची, रोज पहाटे, आणि त्यातलं एकही वर्ष वाया गेलेलं नाही. हे आजीच्या तोंडून यायला हवं, कारण जखम तिथून झाली आहे.

आता हे झालं कशामुळे, ते तिला नीट कळू द्या. मुलं अशा वेळी स्वतःकडे बोट दाखवतात. आपण अजून दोन सेकंद फास्ट असतो तर, आपण कॉन्फरन्स जिंकलो असतो तर, असं चालू असतं. याचा काही संबंध नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्डनं ३६ पैकी ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात फेन्सिंग होतं, पुरुषांचं व्हॉलीबॉल होतं, कुस्ती होती. त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च २०२१ मध्ये, त्याच बंद होऊ घातलेल्या कुस्तीच्या टीमचा शेन ग्रिफिथ राष्ट्रीय विजेता झाला. कॉलेजचं नाव नसलेला काळा सिंगलेट (कुस्तीचा पोशाख) घालून तो खेळला होता. चांगलं खेळणाऱ्यांच्याही टीम बंद होतात.

बहुतेक कॉलेजांमध्ये पैसा येतो तो फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलमधून, आणि बाकीचे खेळ त्यावर, नाहीतर विद्यार्थ्यांच्या फीवर चालतात. खेळाडूंच्या जिवावर एवढा पैसा येतो तर त्यांना वाटा का नाही, यावरून वर्षानुवर्षं खटला चालला. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्यातली तडजोड मंजूर केली. त्या वर्षीच्या १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा होती कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. शिवाय जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई द्यायची आहे. खेळाडूंना वाटा मिळाला हे मला योग्यच वाटतं. पण या भरपाईचा मोठा भाग एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना, सगळ्याच डिव्हिजन वन कॉलेजांना दरवर्षी जे पैसे वाटतं त्यातून कापला जातो. म्हणजे ज्या कॉलेजच्या फुटबॉलचं नाव टीव्हीवर कधी येत नाही, त्यालाही झळ बसते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली कॉलेजनं मार्च २०२५ मध्ये स्विमिंग आणि डायव्हिंग बंद केलं तेव्हा या तडजोडीचा भार हे एक कारण सांगितलं होतं. मग ॲथलेटिक डायरेक्टर वही उघडतो. डिव्हिजन वनमध्ये राहायला ठरावीक खेळ ठेवावेच लागतात, मोठ्या फुटबॉलवाल्यांना १६, इतरांना १४. त्यापेक्षा जास्त असतील तर कात्री लागते ती स्विमिंग, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, गोल्फ यांना. मला याचा राग येतो, कारण फुटबॉलच्या कोचचा पगार वाढतो त्याच वर्षी तलावाचं पाणी परवडत नाही म्हणतात. पण हा राग कॉलेजच्या हिशेबावर काढायचा. तुमच्या मुलीच्या टायमिंगवर त्यातला एक थेंबही पडता कामा नये.

ट्रान्सफरचं बोलू. इथे मी तुम्हाला घाई करायला सांगणार आहे आणि थांबायलाही.

थांबायचं ते पोर्टलमध्ये नाव घालण्याआधी. पोर्टल म्हणजे ट्रान्सफर घ्यायची आहे अशा खेळाडूंची एनसीएएची यादी. तुमच्या मुलीनं कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळांचे नियम सांभाळणाऱ्या कचेरीला) लेखी कळवलं, की दोन कामाच्या दिवसांत तिचं नाव त्यात चढतं, आणि मग इतर डिव्हिजन वन कॉलेजांचे कोच तिच्याशी बोलू शकतात. पोर्टलला एरवी मुदतीच्या खिडक्या असतात, पण टीमच बंद झालेल्या मुलांना त्यातून सूट मिळते. अडचण वेगळीच आहे. नाव चढलं, की आधीच्या कॉलेजला त्या सत्रानंतर ॲथलेटिक स्कॉलरशिप काढून घेण्याची मोकळीक असते. टीम बंद करताना बरीचशी कॉलेजं "तुमची स्कॉलरशिप डिग्री होईपर्यंत पाळू" असं म्हणतात. तुमच्या कॉलेजनं झूमवर म्हटलं असेल, तर ते कागदावर नाही. तिला मेल लिहायला सांगा, तुम्ही लिहू नका, तिचा तिलाच लिहू द्या. त्यात तीन गोष्टी विचारायच्या. स्कॉलरशिप पूर्ण डिग्रीपर्यंत राहणार का, किती डॉलर, आणि पोर्टलमध्ये नाव घातलं आणि शेवटी गेले नाही तरीही राहणार का. उत्तर येईपर्यंत पोर्टलला हात लावायचा नाही.

घाई करायची ती याच आठवड्यात, क्रेडिट्सच्या बाबतीत. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला खेळायचं तर नव्या कॉलेजातल्या डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. आणि हे टक्के नवं कॉलेज जेवढी क्रेडिट्स मान्य करेल तेवढ्यावरच मोजतात. इंजिनिअरिंगमध्ये इथे घोटाळा होतो. एका कॉलेजचं थर्मोडायनॅमिक्स दुसऱ्याला चालत नाही, तिसरं कॉलेज ते "इलेक्टिव्ह" म्हणून घेतं, म्हणजे घेतल्यासारखं करतं आणि डिग्रीत धरत नाही. मग मुलगी तिथे गेली, फी भरली आणि पोहता येत नाही असंही होऊ शकतं. तिला चांगली वाटतात अशी तीन-चार कॉलेजं काढा, प्रत्येकाच्या इंजिनिअरिंगच्या ॲडव्हायझरकडून कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार ते विषयवार लिहून घ्या. कोचचं "वुई विल मेक इट वर्क" हे क्रेडिट नव्हे.

आणखी एक अडचण सांगते. नव्या व्यवस्थेत स्कॉलरशिपच्या संख्येची जुनी मर्यादा गेली. मुलींच्या स्विमिंगला आधी प्रत्येक टीममागे १४ स्कॉलरशिप होत्या, त्या मुलींमध्ये वाटल्या जायच्या. आता मर्यादा आली ती टीममध्ये किती मुली ठेवायच्या यावर. त्यामुळे मोठ्या टीममधून गळलेल्या चांगल्या पोहणाऱ्या मुलीही त्याच पोर्टलमध्ये आहेत. मे महिना चालू आहे, जागा भरताहेत. तिला जर खरोखर जायचं असेल, तर जुलैपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही.

तिला जायचं आहे की नाही, हे ओळखायला मी तिला एकच गोष्ट विचारेन. स्विमिंग बाजूला ठेव, तुला त्या लॅबमध्ये, त्या प्रोफेसरांकडे, त्या गावात आणखी दोन वर्षं राहायचंय का? याचं उत्तर "हो" असेल आणि तरी पोहायचंही असेल, तर रस्ता आहे. यू. एस. मास्टर्स स्विमिंग या मोठ्यांच्या पोहण्याच्या संघटनेच्या छत्राखाली कॉलेजांच्या क्लब टीमची राष्ट्रीय मीट होते, मुलं स्वतःच टीम चालवतात. आणि "नाही, मला पोहायचंच आहे, कुठेही" असं असेल, तर डिव्हिजन थ्रीकडे नाक मुरडू नका. तिथे ॲथलेटिक स्कॉलरशिप नसते, हे खरं. पण घरच्या उत्पन्नावरून आणि मार्कांवरून मिळणारी मदत असते, आणि एक तृतीयांश फी तेवढ्यातून भरून निघते का हे कागदावर मांडल्याशिवाय कळणार नाही. घराजवळच्या कॉलेजचंही असंच. ते बाबांना हवंय म्हणून चांगलं नाही, आणि बाबांना हवंय म्हणून वाईटही नाही. तिच्या यादीत ते चौथं नाव असू दे.

(ज्यांची मुलं पुण्या-मुंबईहून टेनिस, स्क्वॉश किंवा पोहण्याच्या स्कॉलरशिपवर एफ-वन व्हिसावर इथे आली आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवावं. कोचच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला भेटायचं. सेव्हिसमधला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीतला, रेकॉर्ड नव्या कॉलेजकडे वेळेत गेला नाही, तर टीम मिळूनही पंचाईत होते.)

राहता राहिला प्रश्न लढण्याचा. इथे मी तुमच्या यजमानांच्या विरुद्ध बाजूची आहे आणि ते लपवत नाही.

१९७२ साली अमेरिकेत टायटल नाइन हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं मुख्य वाक्य सांगतं. खेळांच्या बाबतीत कॉलेजनं तीनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. एक तर कॉलेजातल्या मुलींचं जे प्रमाण, साधारण तेच खेळाडूंमध्ये असावं. किंवा मुलींसाठी खेळ वाढवत नेल्याचा इतिहास असावा. किंवा मुलींची जी आवड आणि कुवत आहे ती पूर्णपणे भागवलेली असावी. आता ज्या कॉलेजनं पोहणाऱ्या, पोहायची इच्छा असलेल्या मुलींची टीम बंद केली, ते दुसरी आणि तिसरी गोष्ट सांगणार कुठल्या तोंडानं? राहतं फक्त प्रमाण. आणि प्रमाण तुम्ही घरी बसून काढू शकता. प्रत्येक कॉलेजला दरवर्षी किती मुलं आणि किती मुली कुठल्या खेळात आहेत याचे आकडे केंद्राच्या शिक्षण खात्याला द्यावे लागतात आणि ते सगळ्यांना बघायला खुले असतात. समजा कॉलेजात ५५ टक्के मुली आहेत आणि खेळाडूंमध्ये ४७ टक्के. मग हे आठ टक्के म्हणजे किती मुलींच्या जागा होतात, ते मोजायचं. त्या जागांमध्ये एक आख्खी टीम बसत असेल तर वकिलाच्या हातात दम आहे. तुमचे यजमान हिशेबात चोख असतील. हे काम त्यांना द्या. आकडा त्यांच्या हातून निघाला, की "भानगड" हा शब्द त्यांच्या तोंडी राहणार नाही असं मला वाटतं.

आयोवाचं उदाहरण तुमच्या मुलीला माहीत असेल, बटरफ्लायवाली आहे ना! बटरफ्लायमधली दोन्ही पाय एकत्र मारायची डॉल्फिन किक आयोवाच्या युनिव्हर्सिटीत १९३५ च्या सुमाराला घडली, डेव्हिड आर्मब्रस्टर नावाच्या कोचच्या हाताखाली. त्याच आयोवानं ऑगस्ट २०२० मध्ये स्विमिंग बंद केलं. मुली कोर्टात गेल्या. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी टीम बंद करायला मनाई केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉलेजनं मुलींची टीम परत सुरू करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या तडजोडीत मुलींच्या कुस्तीची नवी टीम सुरू करायचंही ठरलं, आणि २०२४ मध्ये त्या टीमनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पोहणाऱ्या मुलींनी भांडून कुस्तीवाल्या मुलींसाठी आखाडा उघडून दिला, असंच मी म्हणेन. पण आयोवाच्या मुलांची स्विमिंग टीम परत आली नाही. हा कायदा मुलांच्या टीमला क्वचितच वाचवतो. मुलांच्या टीममधले मुलगे तिचे मित्र आहेत, तेव्हा ही गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवलेली बरी. विल्यम अँड मेरी या कॉलेजात मात्र उलट घडलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सात टीम बंद केल्या, ऑक्टोबरमध्ये मुलींच्या परत आणल्या आणि नोव्हेंबरमध्ये मुलांच्याही. तिथे मुलं-मुली आणि माजी विद्यार्थी एकत्र उभे राहिले होते.

हरलेल्या लढायाही सांगते, नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मुलींचा मुद्दा अपिलात मान्य झाला, तरी त्यांची टीम परत आली नाही. कॅल पॉलीच्या माणसांनी पैसा उभा करायचा प्रयत्न केला, पण कॉलेजनं मागितलेली रक्कम होती दोन-अडीच कोटी डॉलर. ती जमली नाही. आणि आयोवाची टीम परत आली तोवर त्यातल्या कित्येक जणींनी दुसरं कॉलेज गाठलं होतं. कोर्टाच्या तारखा मुलींच्या सेमिस्टरसाठी थांबत नाहीत.

म्हणून एक गोष्ट तिला स्पष्ट सांगा. दाव्यात नाव घालायचं तर ती त्याच कॉलेजात असायला हवी आणि टीम परत आली तर पोहायला तयार असायला हवी. ट्रान्सफर घेतलेल्या मुलीच्या नावावर तो दावा टिकणं अवघड. ती राहणार असेल, तर तिनं नाव घालावं असं माझं मत आहे. जाणार असेल, तर तिच्यावर टीमला सोडून गेल्याचं ओझं कुणी टाकू नये, दुसऱ्या पालकांनीही नाही आणि तिनं स्वतःही नाही. तरीही ती बरंच करू शकते. माजी खेळाडूंना पत्रं लिहिता येतात. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीनं २००८ मध्ये पुरुषांचं स्विमिंग बंद करायचं ठरवलं होतं, ते देणगीदारांनी पैसे उभे करून वाचवलं. २०२४ मध्ये ती टीम राष्ट्रीय विजेती झाली. त्या विजेत्या टीममधली मुलं २००८ मध्ये अगदी लहान होती. त्यांच्यासाठी कुणीतरी तेव्हा चेक फाडला होता.

नाव खराब होण्याच्या भीतीबद्दल. ही भीती माझ्याही मनात होती आणि तिच्यामुळेच आम्ही गप्प बसलो. परक्या देशात आलोय, मुलांना शिकू द्यावं, कुणाच्या डोळ्यांत येऊ नये, असं आपण म्हणत राहतो. पण तुमची मुलगी इथे जन्मली, इथल्या शाळेसाठी पोहली, हे कॉलेज तिचं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच निकाल दिलाय, की टायटल नाइनची तक्रार केली म्हणून कुणावर सूड उगवणं हाही त्याच कायद्याचा भंग आहे. त्या खटल्यातली तक्रार एका शाळेच्या बास्केटबॉल कोचनं केली होती, आपल्या टीममधल्या मुलींसाठी. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारलंच, तर तिनं सांगावं, की माझी टीम बंद केली तेव्हा मी आकडे मांडले आणि कॉलेजला उत्तर मागितलं. इंजिनिअरला कामावर घेणारं माणूस याला नावं ठेवेल असं मला वाटत नाही.

वकिलाला पहिल्या भेटीत फीचं विचारा. अशा दाव्यांत जिंकल्यास फी कॉलेजकडून वसूल होऊ शकते, म्हणून काही वकील पालकांकडून आधी पैसे घेत नाहीत. जे ठरेल ते लेखी घ्या. आणि त्या मीटिंगला तिला घेऊन जा. दावा तिचा आहे, पालकांचा नाही.

तेव्हा या आठवड्यात स्कॉलरशिपचा मेल आणि ॲडव्हायझरांच्या भेटी, पुढच्या आठवड्यात बाबांचा हिशेब आणि वकील. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळे कागद टेबलावर असतील आणि मग ती ठरवेल. तिनं जे ठरवलं ते तुम्हाला पटलं नाही, तरी चूक तिला तिच्या हातानं करू द्या. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आहे, रोज पहाटे थंडगार पाण्यात उडी मारायची तिला सवय आहे.

आणि पहाटेचं. पावणेपाचला ती खाली येते तेव्हा तुम्हीही उठा. दहा वर्षं तुम्ही उठत होताच की, गाडी गरम करायला. चहा टाका, तिच्यासमोर बसा, दिवा लावायचा की नाही ते तिला ठरवू द्या. गावातला तलाव साडेपाचला उघडत असेल आणि एखाद्या दिवशी ती म्हणाली "चल," तर काही न विचारता किल्ली घ्या. तिला दाराशी सोडा आणि पूर्वी बसायचात तशाच पार्किंगमध्ये बसून राहा.